हरणीची करणी

टोचली हुती की बाई, तायाप्पा गडदे म्हणतो,
भादव्यात, ह्याच बाभळीबुडी, तुमीच.
मग ही लाळ कुठनं गळतीया?

हरणी मान घालून उभी.
तोंडातून तार सुटलेली, वारा आला तरी तुटत नाही.
पुढचा डावा पाय झाडते मधेच,
खुराच्या बेचक्यात निखारा अडकल्यागत.

माझ्याकडे रजिस्टर आहे.
तारीख, बिल्ल्याचा नंबर, लशीची बॅच, माझी सही.
सगळं खरं
आणि गाय आजारी.

करणी केली कुणीतरी,
गोठ्याच्या दारातून कौसाबाई.
मी हसत नाही.

कारण मार्चअखेरीला, आटपाडीत, लाईट गेलेली,
मोबाईलच्या उजेडात तिसरी प्रत उतरवताना
मीच लिहिलं होतं,
गायीचं नाव: करणी. रंग: कोसा. वेत: तिसरं.
साहेबांनी सही ठोकली.
तालुक्यानं जिल्ह्याला धाडताना तसंच उतरवलं.
सांगलीच्या कपाटात ती आजही करणीच.

चुका काय, पानोपानी होतात.
खरसुंडीचं खसरुंडी, गडदेचं गदडे.
त्यांना अर्थ नसतो, कुणी पुढं नेत नाही,
तिथल्या तिथं मरतात.

तसंच आहे त्याचं, तायाप्पा.
त्याला डोकं नाही, डाव नाही, तुझ्याशी वैर तर नाहीच.
त्याला नक्कल काढता येते
आणि खाडाखोड करता येत नाही.
एका जिभेवर, एका रात्रीत
तो इतकं उतरवतो
की साऱ्या कचेऱ्यांची जन्मभराची शाई पुरायची नाही.
बहुतेक रद्दी.
एखाद्याच प्रतीत ह चा क होतो
आणि तो शब्द चालू पडतो.

पौषात खरसुंडीच्या बाजारात
तू नुसत्या शिंगांवरून बैलाचं गाव सांगतोस.
चोरानं शिंगं तासली, टोकं जाळली, तर?
थबकशीलच ना, बिडी विझेपर्यंत?
लशीनं हिच्या रक्ताला शिंगं दाखवली होती
भादव्यातली.

मंग टोचायची तरी कशापायी?

ह्याला माझ्याकडे लगेच उत्तर नसतं.
कुंपणापलीकडे बिराप्पाची दावण.
टोचणीच्या दिवशी सगळे डाळिंबाच्या तोडीला गेलेले,
दाराला कडी.
दोन महिन्यांचं खोंड काल पुरलं त्यांनी,
माती अजून ओली आहे.
त्यांची गाय उठत नाही. उठली तरी
उन्हाळाभर धापा टाकेल, पुढच्याही उन्हाळ्यात.
मी तिकडं बोट दाखवत नाही.
तायाप्पा स्वतःच बघतो, आणि बघून गप्प.

हरणीनं सकाळी
दोन काड्या कडबा ओढला. थुंकला. परत ओढला.
राखणदार थबकले, पण पळाले नाहीत.
शिंगं नवी, चाल ओळखीची.

तू तिचं तोंड धर.
फोडाची सुटलेली साल मी कात्रीनं घेते,
नखाएवढी.
बाटलीत, बर्फात, रातोरात पुण्याला.
तिथं कुणीतरी जुन्या प्रतीशेजारी ठेवून वाचेल
कुठं काना वाढला, कुठं वेलांटी फिरली,
आणि कळवेल कधीतरी:
ओ च आहे, पण आपल्या बाटलीतला ओ नव्हे.
मग कुणी बैठक घेईल, कुणी चित्र बदलेल.
ह्यानं तोवर आणखी प्रती काढलेल्या असतील.
आपणही टोचत राहायचं,
सहा महिन्यांनी, दारं उघडी असतील त्या दिवशी,
आणि नसतील तर परत यायचं.

नमुन्याच्या चिठ्ठीवर गायीचं नाव.
मी ह काढते.
थांबते. पुन्हा बघते.

काय झालं बाई?

काही नाही.
बूच घट्ट बसलंय का, तेवढं बघ.